मदत हवी आहे : बाबांचं लिव्हिंग विल नाशिकमध्ये कुठे जमा करायचं?

वैशाली_के
नमस्कार. घाईत लिहितेय. बाबांचं लिव्हिंग विल (स्वतःला सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवायचा कागद) करायचं आहे, मजकूर तयार आहे. एका नोटरीने आधी ते मृत्युपत्र समजून सब-रजिस्ट्रारकडे जायला सांगितलं. नीट समजावल्यावर म्हणाले, "हे इच्छामरणाचं प्रकरण आहे, मी शिक्का मारणार नाही." प्रत जमा करायला एका कार्यालयात गेले, तिथे या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं आणि शेवटी 'असं काही आमच्याकडे घेत नाहीत' हे उत्तर मिळालं. नाशिकमध्ये कुणी हे प्रत्यक्ष केलंय का? नोटरी कुठला, प्रत कुणाकडे द्यायची, आणि वेळ आल्यावर आयसीयूतले डॉक्टर हे मानतात का? कृपया लवकर सांगा.

सातपूरकर
आजार काय? वय किती? बाबा शुद्धीवर आहेत ना, स्वतः सही करतील ना? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

अवयवदान_मित्र
ताई, सोबत देहदानाचा फॉर्मही भरून टाका. आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना विभागात चौकशी करा. नेत्रदानाचंही घरच्यांना सांगून ठेवा, डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. पंखा बंद करायचा आणि डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

वैशाली_के
@अवयवदान_मित्र, धन्यवाद, पण माझा प्रश्न मृत्यूनंतरचा नाही, आधीचा आहे.
@सातपूरकर, वय ७६, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार). घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. नळी लांब घेतलीय, त्यामुळे ओट्यापर्यंत येऊन बसतात. डोकं एकदम तल्लख आहे, पेपर रोज अथपासून इतिपर्यंत वाचतात. मागच्या वेळी व्हेंटिलेटरवर होते तेव्हा बोलता येत नव्हतं, म्हणून माझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायचे. घरी आल्यापासून एकच सांगतात, "परत त्या मशीनला लावू नका." सही करतात पण हात फार थरथरतो. बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक परत केलाय.

वकीलकाका
बाई, आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, म्हणजे पुढच्या नोटरीला ठामपणे सांगता येईल. इंजेक्शन देऊन मरण आणणं भारतात गुन्हाच आहे आणि या कागदाचा त्याच्याशी काही संबंध नाही. बरं होण्याची आशा उरलेली नसताना आणि स्वतःला सांगता येत नसताना कोणते उपचार नकोत, एवढंच यात लिहायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या 'कॉमन कॉज' निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कातच, येतो असं सांगून याला मान्यता दिली. तेव्हा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची, त्यामुळे फारसं कुणी या वाटेला गेलंच नाही. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट गेली. आता दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. एक नोटरी नाही म्हणाला तर दुसरा पाहा. आदेशाची प्रत बरोबर न्या आणि संबंधित परिच्छेदावर पेन्सिलीने खूण करून ठेवा. निकालात स्टॅम्पपेपरची अट नाही, पण नोटरीने मागितला तर त्यावरून वाद घालत बसू नका.
हात थरथरतो म्हणून काही अडत नाही. सही जमली तर सही, नाहीतर अंगठा. मजकूर वाचून दाखवला आणि त्यांना समजला, अशी नोंद साक्षीदारांसमोर करून घ्या. नोटरीला घरी बोलवा, आजारी माणसाला कोर्टापर्यंत ओढू नका.

आरटीआय_दादा
प्रत घेत नाहीत? मग माहिती अधिकार टाका! 'कस्टोडियन (प्रत सांभाळणारा अधिकारी) म्हणून कोणाची नेमणूक केली, आदेशाची प्रत द्या' एवढाच अर्ज. आणि बाबांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. कागदापेक्षा व्हिडिओच खरा.

वकीलकाका
व्हिडिओ जरूर काढा, पण कागदाची जागा तो घेत नाही. आणि माहिती अधिकाराच्या उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. यांना घाई आहे, दादा.

आरटीआय_दादा
घाई असली तरी असे अर्ज पडल्याशिवाय यंत्रणा हलत नाही. आज यांची अडचण आहे, उद्या आणखी कुणाची असेल. मी टाकणारच.

सातपूरकर
वैशालीताई, बाबा राहतात कुठे? नाशिक शहरात, मनपा हद्दीत?

वैशाली_के
मी इंदिरानगरला, बाबा-आई सिन्नरला, गावातल्या घरात. उपचार नाशिकला चालू आहेत.

सातपूरकर
मग तुम्हाला सिन्नर नगरपरिषदेत जायचं आहे! ज्याचं विल त्याची स्थानिक संस्था. शहरात महापालिका, सिन्नरसारख्या ठिकाणी नगरपरिषद, खेड्यात पंचायत. मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने साधा अर्ज लिहा, विलची प्रत जोडा, आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या. हातात पोच असली की पुढे कुणी 'आमच्याकडे आलंच नाही' म्हणू शकत नाही. मुंबईच्या डॉ. निखिल दातारांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यानंतर राज्याने स्थानिक संस्थांमध्ये कस्टोडियन नेमले आहेत. मुंबईत वॉर्डाचे आरोग्य अधिकारी हे काम बघतात. तेव्हा 'असं काही नसतं' हे उत्तर कुणी दिलं तर ऐकून परत येऊ नका.

भगूरकर
आपल्या नाशिक जिल्ह्याला हा विषय नवा नाही. भगूरचे सावरकर १९६६ मध्ये अन्न-औषध सोडून गेले. विनोबांनीही १९८२ मध्ये पवनारला तेच केलं. जैनांमध्ये संथारा (मरेपर्यंत उपवासाचं व्रत) आहेच, राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तो बेकायदा ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्या निकालाला स्थगिती दिली. पूर्वी माणसं वेळ ओळखायची, नळ्यांची भानगडच नव्हती.

रात्रपाळी
भगूरकर, वैशालीताईंच्या बाबांना अन्न सोडायचं नाहीये. त्यांना ओट्यावर बसून पेपर वाचायचा आहे. दोन्ही गोष्टी एकात मिसळल्या की घरचे घाबरतात, आणि नोटरीही.

मी आयसीयूत नर्स आहे, रुग्णालयाचं नाव सांगत नाही. ताई, तुमच्या मजकुरात 'मशीन' असा शब्द असेल तर तो आधी बदला. कळकळीने सांगतेय. रात्री पेशंट आला की ड्युटीवरच्या डॉक्टरला 'मशीन नको' याचा काहीच अर्थ लागत नाही. सीओपीडीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. घशात नळी घालून लावतात तो व्हेंटिलेटर, आणि तोंडावर घट्ट मास्क बसवतात तो बायपॅप. बायपॅपवर माणूस शुद्धीत असतो, मास्क बाजूला करून घोटभर पाणी पितो, दोन शब्द बोलतो, आणि बरेच जण त्यावर सावरून घरी जातात. नळी घातली की बोलणं बंद, झोपेचं औषध चालू, आणि नळी उपसू नये म्हणून हात मऊ पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधलेले. बाबांना नक्की काय नकोय? नळी नको पण बायपॅप चालेल? हृदय थांबलं तर छाती दाबायची का? नाकातून अन्नाची नळी? डायलिसिस? साधा छातीचा संसर्ग झाला तर अँटिबायोटिक हवं ना? एकेक विचारा, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि मग त्यांच्या छातीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. मजकूर मोघम असेल तर तो कागद बाजूला पडतो आणि डॉक्टर आपल्या पद्धतीने उपचार करतात.

आणि बाबा आत्ता बोलू शकतात हे विसरू नका. बोलता येतंय तोवर त्यांचा शब्दच चालतो, कागद नंतरसाठी. पुढच्या तपासणीला त्यांना स्वतःला डॉक्टरांना सांगू द्या आणि डॉक्टरांना ते केसपेपरवर लिहायला सांगा.

अटलांटिकपार
वाचून वाईट वाटलं. माझी आई व्हेंटिलेटरवरून परत आली आणि नंतर नातवाच्या मुंजीला उभी राहिली. सगळे असे कागद करत बसले असते तर? उपचार थांबवणं म्हणजे हार मानणं.

रात्रपाळी
आई परत आल्या याचा खरंच आनंद आहे. पण बरा होणारा न्यूमोनिया वेगळा आणि शेवटच्या टप्प्यातलं फुप्फुस वेगळं. हा कागद पहिल्या पेशंटला लागूच होत नाही. आणि उपचार थांबत नसतात, उपचारांचा हेतू बदलतो. धाप कमी करणं, झोप लागू देणं, भीती घालवणं, हे सगळे उपचारच आहेत.

अटलांटिकपार
तुम्ही रोज बघता, मी एकदाच पाहिलं. तरीही तिकडे दूर राहणाऱ्या मुलाला विचारा, त्याला फोनवर 'आता नको' ऐकताना काय होतं.

वैशाली_के
@अटलांटिकपार, हेच माझ्या घरी चाललंय. भाऊ बंगळुरूला असतो. तो म्हणतो, लोक म्हणतील सेवेला कंटाळले. बाबांशी तो या विषयावर बोलतच नाही, फोन आईकडे द्यायला सांगतो.
@रात्रपाळी, आमच्या मजकुरात 'कुठलंही मशीन नको' असंच आहे. आज रात्रीच बाबांसोबत बसते.

वकीलकाका
भावाचं आधी सांगायला हवं होतं, बाई. विलमध्ये एकापेक्षा जास्त जवळच्या माणसांची नावं घालायची असतात, बाबांना बोलता येणार नाही तेव्हा डॉक्टर त्यांच्याशी बोलतात. त्यात भावाचं नाव असू द्या, पण बाबांनी स्वतः त्याच्याशी बोलल्यावरच. त्याला वाटतंय की हा निर्णय तुमचा आहे.
प्रक्रियाही त्याला समजावून सांगा. एका डॉक्टरच्या मर्जीवर काही होत नाही. रुग्णालयाचं पहिलं मंडळ, त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग नावं दिलेल्या माणसांची संमती, आणि उपचार काढण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं. कागद खरा आहे का, हे डॉक्टर कस्टोडियनकडून पडताळतात. म्हणून सिन्नरची पोच महत्त्वाची. बाबांचं मन बदललं तर ते कधीही लेखी रद्द करू शकतात, हेही भावाला सांगा.

गंगापूर_रोड
पुण्याला वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअरचं (आजाराचा त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं) केंद्र आहे, १९९७ पासून मोफत. तिथे घेऊन जा, फार मायेने करतात.

रात्रपाळी
ते केंद्र मुख्यतः कर्करुग्णांसाठी आहे. यांच्या बाबांना सीओपीडी आहे, इतक्या लांब नेऊन उपयोग नाही. सिव्हिलमध्ये पॅलिएटिव्ह केअरची चौकशी करा. घरी जाऊन अशी सेवा देण्याचं काम आपल्याच जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यात झालंय, तेव्हा इथल्या सरकारी यंत्रणेला हा विषय अगदीच परका नाही. आणि डॉक्टरांना धापेसाठी कमी मात्रेतल्या मॉर्फिनबद्दल विचारा.

गंगापूर_रोड
मॉर्फिन? म्हणजे व्यसन लावायचं का म्हाताऱ्या माणसाला?

रात्रपाळी
डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या छोट्या मात्रेत दिलं तर श्वास कोंडल्याची घुसमट कमी होऊ शकते. व्यसनाच्या भीतीपोटी माणसाला रात्रभर उशांवर टेकून तडफडत बसवायचं, हे मी फार बघितलंय. बद्धकोष्ठ होतं, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध देतात. तेवढं विचारून घ्या.
आणखी एक. रात्री धाप वाढली की घरातलं कुणीतरी घाबरून १०८ लावतं, ते साहजिकच आहे. म्हणून विलची एक झेरॉक्स कॉन्सन्ट्रेटरजवळ, एक आईच्या कपाटात, एक फॅमिली डॉक्टरांकडे, आणि फोटो तुम्हा दोघा भावंडांच्या मोबाइलमध्ये. शेजारी कुणाकडे किल्ली असेल तर त्यांनाही सांगून ठेवा.

वैशाली_के
बाबांशी बोलले. बायपॅप चालेल म्हणाले, अँटिबायोटिकही. नळी नको, छाती दाबायची नाही. "आणि नाकातून भरवू नका, चमच्याने जेवढं जाईल तेवढं." मी लिहीत होते आणि ते मला शुद्धलेखन सांगत होते. भावाला त्यांनी स्वतः फोन लावला, दार लावून बोलले, काय ठरलं ते मला माहीत नाही. साक्षीदार म्हणून बाबांचे दोन जुने मित्र तयार आहेत. सातपूरकर, सिन्नरला नोटरी घरी येतील असे कुणी माहीत आहेत का?

सातपूरकर
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. त्यांना आधी वकीलकाकांनी सांगितलेली आदेशाची प्रत पाठवा, मग वेळ ठरवा.

नाशिकरोडची_सून
मध्येच विचारते. सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे, आम्हाला ओळखत नाहीत. त्यांच्या वतीने आम्ही असं विल करू शकतो का?

वकीलकाका
नाही. समज शाबूत असतानाच आणि स्वतःच करायचं असतं, दुसऱ्याच्या वतीने होत नाही. पण विल नसलं म्हणून वाट बंद होत नाही. तशी वेळ आली तर कुटुंबाच्या संमतीने त्याच दोन मंडळांकडून निर्णय होतो. सासूबाई पूर्वी याबद्दल कधी काही बोलल्या होत्या का, कुणाच्या आजारपणात, कुणाला भेटून आल्यावर? घरात सगळ्यांना विचारा आणि आठवतंय ते तारीख घालून आत्ताच लिहून ठेवा. तुमच्यासाठी नवा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.