द्राक्षाच्या बियांचं तेल पार्लरमध्ये ठेवू का?

पार्लरवाली_दारव्हा

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात गावातच, घरच्या समोरच्या खोलीत माझं पार्लर आहे. येणाऱ्या बहुतेक बाया वावरात जाणाऱ्या. सध्या कापसाची वेचणी चालू आहे, त्यामुळे बोंडाच्या टोकांनी बोटं फाटलेली, टाचांना भेगा, गालावर वांग. परवा एक एजंट द्राक्षाच्या बियांच्या तेलाच्या बाटल्या दाखवून गेला. म्हणे वांग जाते, केस गळणं थांबते, सुरकुत्या येत नाहीत, अन् भाजीत टाकलं तरी चालते. मोबाईलवर पाहून पोरीही तेच विचारून राहिल्या. पण एका बाटलीत बाईची दिवसभराची मजुरी जाते. खरंच कामाचं असेल तर ठेवते, नसेल तर नाही. कोणाला नीट माहीत असेल तर सांगा.

पऱ्हाटी

ताई, माझी नणंद पुण्याला चेहऱ्याच्या मसाजसाठी तेच वापरते. हलकं आहे, चिपचिप करत नाही, वास नाही. वांग गेल्याचं मात्र मला दिसलं नाही.

घाणीवाला_आर्वी

ताई, आमची आर्वीजवळ लाकडी घाणी आहे, आजोबांपासूनची. १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पांनी तो चालवला. तिथं मगनवाडीत बैलघाणी सुधारली, तिलाच पुढे वर्धा घाणी म्हणू लागले. आमची पहिली घाणी त्याच बनावटीची. तेलाच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

हे तेल वाईनच्या कारखान्यात रस काढल्यावर उरलेल्या बियांचं. बी टणक, अन् तिच्यात तेल साधारण ८ ते २० टक्केच. करडईत यापेक्षा बरंच जास्त निघते. म्हणून नुसतं दाबून काढलेलं तेल महाग पडते, आणि बाजारातलं पुष्कळसं तेल रसायनात विरघळवून काढून मग रिफाइन केलेलं असते. दाबून काढलेल्याला हिरवट-पिवळी झाक राहते, रिफाइन केलेलं जवळपास पाण्यासारखं फिकं. बाटलीवर काय लिहिलं आहे ते आधी वाचा.

आता मुद्द्याचं. या तेलाची जी मोठी कीर्ती आहे, सुरकुत्या, डाग वगैरे, ती बियांतल्या तुरट द्रव्यांची आहे. ती द्रव्यं तेलात विरघळत नाहीत. घाणीवर जसा सरकीचा कस ढेपेत राहतो, तशी ती चोथ्यात राहतात. त्या चोथ्याचा अर्क काढून गोळ्या विकतात, ती वेगळी वस्तू झाली. एजंट अर्काचे गुण तेलाच्या बाटलीवर चिकटवून विकून राहिला.

तेलात काय आहे? सुमारे ७० टक्के लिनोलेइक आम्ल आणि थोडं ई जीवनसत्त्व. लिनोलेइक आम्ल कातडीच्या वरच्या थराला धरून ठेवायला लागते, म्हणून कोरड्या कातडीला ते चांगलंच. तेवढा गुण खरा आहे, मी नाकारत नाही. पण आपल्या करडईच्या जुन्या वाणांच्या तेलातही ते ७० ते ७५ टक्के असते! ज्या करडईचं तेल आपली आई-आजी भाकरीवर घ्यायची, तिचा पेरा वावरांतून कमी होत गेला अन् आपण बियांचं तेल बाहेरून आणून राहिलो, याचं मला फार वाईट वाटते. अंगाला, हातापायाला करडईचं ताजं घाणीचं तेल लावा. काम तेच होईल, पैसा गावात राहील.

केसांना मात्र दोन्ही नको, खोबरेलच. २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना छापून आली होती. धुताना केसांतलं प्रथिन जाणं फक्त खोबरेलानं कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसात शिरते. बाकीची तेलं वरून चमक देतात. कोणतंही तेल नवे केस उगवत नाही.

पऱ्हाटी

भाऊ, मग सरकीचं तेल? घरोघरी पऱ्हाटी म्हणजे कापूस आहे, तेच लावलं तर?

घाणीवाला_आर्वी

नको जी. सरकीच्या कच्च्या तेलात गॉसिपॉल असते, ते विषारी. रिफाइन केल्यावर निघून जाते, म्हणून खायला रिफाइनच घ्यायचं. कच्चं तेल ना खा, ना लावा.

सिस्टर_मेळघाट

मी उपकेंद्रात काम करते. वांगाबद्दल हात जोडून सांगते, ते कोणत्याच तेलानं जात नाही. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या ही त्याची कारणं. वावरात जाताना स्कार्फ आणि सनस्क्रीन, आणि कातडीच्या डॉक्टरला एकदा दाखवणं, हाच रस्ता. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी गोरं करणारी क्रीम कोणी लावत असेल तर थांबवायला सांगा, पुष्कळांत स्टेरॉइड असते. कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात. अशा बाया माझ्याकडे येतात, पोरींची तोंडं पाहून जीव तुटतो.

भेगांसाठी: कोमट पाण्यात पाय, वज्रीनं हलक्या हातानं घासणं, ओलसर असतानाच व्हॅसलीन आणि रात्री मोजे. व्हॅसलीन पाणी उडू देत नाही, तेलापेक्षा जास्त धरून ठेवते. साखरेचा आजार (मधुमेह) असलेल्या बाईच्या पायाला वज्री किंवा ब्लेड लावू नका, आधी उपकेंद्रात पाठवा. आणि फवारणीला जाणाऱ्यांनी हाताला तेल लावलं म्हणजे झालं असं समजू नये. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. रबरी हातमोजेच पाहिजेत.

पार्लरवाली_दारव्हा

तुमचे सगळ्यांचे खूप आभार. बाटल्या परत पाठवते. स्टेरॉइडच्या क्रीमचं तर मी आजपासूनच प्रत्येकीला विचारेन, दोघीतिघी तसलं लावतात हे मला माहीत आहे. घाणीवाले भाऊ, करडईचं तेल ठेवायचं झालं तर किती ठेवू? माझ्या खोलीवर टिन आहे. अन् भाजीत ते बियांचं तेल चालते का, तेवढं राहून गेलं.

घाणीवाला_आर्वी

भाजीत चालते, साधारण २१५ अंशांपर्यंत धुरावत नाही. पण ओमेगा-३ त्यात नावालाच, त्यासाठी घरची जवसाची चटणी खा. त्या पैशात कितीतरी जवस येईल.

ठेवायचं म्हणाल तर दोन्ही तेलं लवकर खवट होतात. टिनाखाली मे महिन्यात तर फारच लवकर. महिन्याला पुरेल तेवढंच घ्या, गडद काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहते. फ्रिज असेल तर त्यात, नसेल तर माठाशेजारी थंड जागेत. जुन्या बाटलीत नवं तेल ओतू नका, आधी धुऊन पूर्ण वाळवा. नव्या बाईला पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस पाहा, खाज आली तर नको. तुमची बाटली घेऊन या, पुढच्या आठवड्यात करडई काढणार आहे.