वाहकाकडे सापडलेले 93 रुपये आणि आगारातील हंगामी सफाई कामगार : न्यायालये नेमके काय पाहतात?

प्रश्न – लिहिणार : पंचगंगाकाठ

माझे वडील एसटीत वाहक होते आणि 31 वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाले. लहानपणी एकदा मी त्यांच्याबरोबर मुक्कामी गाडीने गेलो होतो. देवळात पथारी टाकण्यापूर्वी त्यांनी गोधडीवर रोकड मांडली, नाणी दहा-दहाच्या चवडीत लावली आणि वेबिलावरच्या, म्हणजे फेरीतील तिकीटविक्रीच्या नोंदपत्रावरच्या, आकड्याशी ताळा घातला. दीड रुपया जास्त भरतो आहे असे दिसल्यावर त्यांनी सगळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून केली. "कमी भरले तर खिशातून घालता येते, जास्त भरले तर उत्तर द्यावे लागते," असे ते तेव्हा म्हणाले होते. त्या वयात मला ते उलटेच वाटले होते.

आता नोकरी सांभाळून कायद्याचे शिक्षण घेत असताना सर्वोच्च न्यायालयाचा 2005 सालचा एक निकाल वाचनात आला आणि ते वाक्य आठवले. वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाच्या एका वाहकाकडे तपासणीच्या वेळी 93 रुपये जास्त सापडले, त्याला त्यांचा समाधानकारक खुलासा करता आला नाही आणि त्याला बडतर्फ करण्यात आले. कामगार न्यायालय व उच्च न्यायालय यांनी त्याच्या बाजूने दिलेले निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फिरवले आणि रक्कम किती हा प्रश्न नसून मालकाचा विश्वास उडाला हा मुद्दा आहे, असे सांगितले. त्यानंतर चारच वर्षांनी, 2009 मध्ये, त्याच न्यायालयाने आपल्या महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचे अपील फेटाळून बसगाड्यांची सफाई करणाऱ्या हंगामी कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. 2006 च्या उमादेवी निकालानंतर हंगामी नोकर कायम होण्याची वाट बंद झाली, असे आम्हाला वर्गात शिकवले गेले होते.

माझे दोन प्रश्न आहेत. 93 रुपयांसाठी संपूर्ण सेवा संपवणे न्यायालयाला अवाजवी का वाटत नाही? आणि उमादेवी निकालाच्या पार्श्वभूमीवर हे सफाई कामगार कायम कसे झाले? ज्यांनी अशी प्रकरणे जवळून पाहिली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद 1 – लिहिणार : श्रमन्याय (कामगार न्यायालयात वकिली)

आपला पहिला प्रश्न मला अनेक वाहकांच्या बायकामुलांनीही विचारला आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

परिवहन महामंडळाचा कर्मचारी हा सरकारी कर्मचारी नसतो. महामंडळ 1950 च्या रस्ते परिवहन महामंडळ अधिनियमाखाली स्थापन झालेले स्वतंत्र मंडळ असल्यामुळे राज्यघटनेच्या अनुच्छेद 311 चे, म्हणजे सरकारी नोकराला चौकशीशिवाय बडतर्फ न करण्याचे, संरक्षण त्याच्या नोकरांना मिळत नाही. तरीही महामंडळ हे अनुच्छेद 12 च्या अर्थाने 'राज्य' आहे, त्यामुळे समानतेची बंधने त्याच्यावर असतातच. याचे सर्वांत ठळक उदाहरण दिल्लीचे आहे. दिल्ली परिवहन महामंडळाच्या एका विनियमाप्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा त्याबदली वेतन देऊन, कोणतेही कारण न सांगता, कायम कर्मचाऱ्यालाही घरी पाठवता येत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 4 सप्टेंबर 1990 रोजी बहुमताने तो विनियम घटनाबाह्य ठरवला. थोडक्यात, काढायचे असेल तर आरोप सांगा, त्याला बाजू मांडू द्या आणि मग काढा, हे तेव्हापासून पक्के झाले.

मात्र चौकशी नीट झाली की न्यायालयाचा हात आखडता होतो, आणि वाहकांच्या प्रकरणांत तो इतरांपेक्षा जास्त आखडता होतो. त्याचे कारण 1977 च्या हरियाणाच्या एका निकालात सापडते. फिरत्या पथकाने बस तपासली, पैसे देऊनही तिकीट न मिळालेले प्रवासी आढळले, वाहकाची सेवा समाप्त झाली. त्या प्रवाशांपैकी एकालाही चौकशीत साक्षीला बोलावले नव्हते, एवढ्यावर खालच्या न्यायालयांनी वाहकाला दिलासा दिला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो रद्द केला. विभागीय चौकशीला पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागू नाहीत, निष्कर्षामागे विश्वसनीय असा काही पुरावा असला म्हणजे पुरे, आणि प्रवाशांनी जबाब लिहून देण्यास नकार दिला असताना निरीक्षकाची साक्ष बाजूला टाकता येत नाही, असे त्यांनी म्हटले. 2005 चा आपण वाचलेला निकाल याच वाटेने गेला आहे. वाहक हा गाडीत महामंडळाचा एकटाच खजिनदार असतो. त्याच्या हातावर दुसऱ्या कोणाची देखरेख नसते, आणि म्हणून रकमेपेक्षा विश्वासाला वजन दिले जाते.

हे तर्कशास्त्र मला समजते, पण ते जसेच्या तसे प्रत्येक प्रकरणाला लावणे मला पटत नाही. महाराष्ट्रात आपल्याकडे 1971 चा कामगार संघांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा अधिनियम आहे, आणि त्याच्या अनुसूची 4 मधील पहिल्या बाबीत बडतर्फी कोणकोणत्या परिस्थितीत अनुचित ठरते ते सांगितले आहे. त्यातला शेवटचा प्रकार असा की गैरवर्तन किरकोळ किंवा तांत्रिक स्वरूपाचे असताना, त्याचे स्वरूप आणि कर्मचाऱ्याची मागील सेवा विचारात न घेता धक्कादायक वाटावी इतकी कठोर शिक्षा देणे. 'मागील सेवा' हे शब्द विधिमंडळाने कायद्यात घातले आहेत. चढावावर गाडी खच्चून भरलेली, पुढच्या टप्प्याला उतरणारे दोन प्रवासी तिकिटाविना राहिलेले, रोकड मात्र वेबिलाशी तंतोतंत जुळणारी आणि 20 वर्षांत एकही शिक्षा नाही, अशा वाहकाला अपहार करणाऱ्याच्या रांगेत बसवणे हा माझ्या मते कायद्याच्या शब्दांशीच विसंवाद आहे. त्याने पैसे घेतलेच नव्हते की घेऊन तिकीट दिले नव्हते, हा फरक दोषारोपपत्रात बहुतेक वेळा पुसट असतो, आणि वकिलाने पहिल्या दिवसापासून त्याच फरकावर बोट ठेवले पाहिजे.

न्यायालयात प्रकरण दोन टप्प्यांत चालते, हेही लक्षात घ्यावे. आधी चौकशी न्याय्य व योग्य झाली का आणि निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत का, हे प्राथमिक मुद्दे ठरतात. शिक्षेच्या प्रमाणाचा विचार त्यानंतर होतो. चौकशी सदोष ठरली तरी मालकाला न्यायालयातच साक्षीपुरावा देऊन आरोप सिद्ध करण्याची संधी मागता येते, परंतु ती मागणी आपल्या लेखी कैफियतीतच करावी, असे कर्नाटकाच्याच परिवहन महामंडळाच्या 2001 च्या प्रकरणात घटनापीठाने सांगितले. अनेक कर्मचारी चौकशी रद्द झाली की पेढे वाटतात आणि नंतर पुढच्या टप्प्यावर हरतात, ते यामुळे.

प्रतिसाद 2 – लिहिणार : मार्गतपासणी (निवृत्त वाहतूक निरीक्षक)

वकील महोदयांनी लिहिलेले बरोबर आहे. गाडीच्या दारात जे घडते ते मी सांगतो, कारण पुढची दहा-बारा वर्षे न्यायालयात ज्या कागदावर वाद होतो तो कागद तिथे पाच-सात मिनिटांत लिहिला जातो.

आम्ही हात दाखवून गाडी थांबवली की आधी वेबिल हातात घेत असू आणि त्यावर वेळ, ठिकाण व प्रत्येक किमतीच्या गठ्ठ्यातील शेवटचा तिकीट क्रमांक लिहून सही करत असू. हे काम प्रवासी मोजण्यापूर्वी करायचे, कारण नंतर वाहकाला तिकीट फाडायला वाव राहिला किंवा राहिला नाही, हा वाद तिथेच संपतो. मग तिकिटे तपासायची. एसटीचा एक टप्पा 6 किलोमीटरचा असतो, त्यामुळे प्रवासी कुठे चढला हे विचारल्याशिवाय तिकीट कमी रकमेचे आहे की नाही हे ठरवता येत नाही. विनातिकीट प्रवाशाला पहिला प्रश्न "तिकीट कुठे आहे" असा नसावा. "वाहकाला पैसे दिले का, आणि कधी दिले" असा असावा. शेवटी वाहकाच्या समक्ष रोकड मोजायची, त्याचे स्वतःचे पैसे ड्यूटीवर निघताना वेबिलावर लिहिले आहेत का ते पाहायचे, आणि बेरीज त्याला वाचून दाखवून सही घ्यायची. पंचगंगाकाठ यांच्या वडिलांना दीड रुपयाची धास्ती का होती, हे इथे कळते. खाजगी रक्कम निघतानाच नोंदवलेली नसेल तर जास्त सापडलेल्या प्रत्येक रुपयाचा अर्थ एकच लावला जातो.

प्रवासी जबाब देत नाहीत, हे अगदी खरे आहे. कुणाला दवाखाना गाठायचा असतो, कुणाला कोर्टकचेरीची भीती वाटते, आणि बहुतेकांना रोजच्या कंडक्टरच्या पोटावर पाय द्यायचा नसतो. अशा वेळी "प्रवाशाने जबाब देण्यास नकार दिला" एवढे तरी निरीक्षकाने जागेवर लिहावे. माझ्या हाताखालच्या नव्या निरीक्षकांना मी एवढेच सांगत असे की आपल्या शेऱ्यात वाहकाची बाजूही उतरली पाहिजे : गाडीत किती उभे प्रवासी होते, मागच्या थांब्यापासून किती मिनिटे झाली होती, वाहक तेव्हा पुढे तिकिटे देत होता की बसून होता. हा तपशील लिहिला तर प्रामाणिक माणूस चौकशीत वाचतो आणि चोरी करणारा सुटत नाही.

वाहक बांधवांना एक विनंती आहे. त्या क्षणी घाबरून "चूक झाली, माफ करा" असे लिहून देऊ नका. जे घडले ते घडले तसे लिहा. तो माफीचा कागद पुढे कबुली म्हणून वाचला जातो, आणि मग कोणताही वकील फार काही करू शकत नाही.

प्रतिसाद 3 – लिहिणार : आगारमित्र (कामगार संघटनेत काम)

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. उमादेवी निकाल 10 एप्रिल 2006 चा, पाच न्यायमूर्तींचा. सार्वजनिक नोकरीत भरतीचे नियम डावलून घेतलेल्या माणसाला केवळ तो बरीच वर्षे काम करतो म्हणून उच्च न्यायालयाने रिट अधिकारात कायम करू नये, कारण त्यामुळे अनुच्छेद 14 व 16 खाली रांगेत उभ्या असलेल्या इतरांवर अन्याय होतो, असे त्याचे सार आहे.

आपण उल्लेखिलेल्या सफाई कामगारांच्या, म्हणजे कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटनेच्या, 2009 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उमादेवी निकाल नाकारला नाही. तो औद्योगिक व कामगार न्यायालयांना 1971 च्या महाराष्ट्र अधिनियमाने दिलेले अधिकार काढून घेत नाही, एवढे स्पष्ट केले. अनुसूची 4 मधील सहाव्या बाबीप्रमाणे कर्मचाऱ्यांना कायमपणाचे लाभ मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षे हंगामी किंवा बदली (दुसऱ्याच्या जागी तात्पुरते) कामगार म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा आहे. ती सिद्ध झाली तर ती थांबवण्याचा आदेश देणे हेच त्या न्यायालयाचे काम असते, आणि कायम करण्याचा आदेश हा त्यातलाच एक उपाय आहे. गाड्या झाडण्या-धुण्याचे काम बारमाही होते, सफाई कामगारांची पदे महामंडळाने आधीच निर्माण केलेली होती, आणि तरीही ती न भरता त्याच माणसांकडून तुटपुंज्या मोबदल्यावर काम करून घेतले जात होते. पदेच नसती तर न्यायालयाला ती निर्माण करता आली नसती, हेही त्याच निकालात सांगितले आहे. आमच्याकडे येणारे अनेक हंगामी कामगार नेमके हेच विसरतात. ते वर्षात 240 दिवस काम केल्याची हजेरी घेऊन येतात. मंजूर पदांचा तक्ता मात्र कोणाकडेच नसतो.

एक सूचना. सहाव्या बाबीखालील तक्रार, उपक्रमात मान्यताप्राप्त संघटना असेल तर, तिच्यामार्फतच चालवावी लागते. एकट्या कामगाराने परस्पर तक्रार दाखल केल्यास ती त्याच मुद्द्यावर अडकू शकते. बडतर्फीच्या, म्हणजे पहिल्या बाबीच्या, तक्रारीला हे बंधन नाही.

पंचगंगाकाठ

आपण तिघांनीही वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. वडिलांना दुसरा प्रतिसाद वाचून दाखवला. खाजगी रक्कम वेबिलावर लिहायची आठवण ते नव्या वाहकांना आजही करून देतात, असे म्हणाले. आणखी एक शंका विचारतो. आता छापील तिकिटांची पेटी आणि गठ्ठे जाऊन हातात तिकीट यंत्र आले आहे. तिकीट किती वाजता निघाले याची नोंद यंत्रात असते. ती नोंद वाहकाच्या बाजूची असेल आणि चौकशी अधिकाऱ्याने ती मागवलीच नाही, तर काय करावे?

श्रमन्याय

दोषारोपपत्र मिळताच, खुलासा देण्यापूर्वी, त्या फेरीच्या संपूर्ण यंत्र-नोंदीची प्रत लेखी अर्जाने मागावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आगाराची पोच घ्यावी. इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी लागणारे प्रमाणपत्र, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे, त्याची सक्ती विभागीय चौकशीत त्याच काटेकोरपणे होत नाही. मात्र बचावासाठी आवश्यक कागद मागूनही न देणे हा नैसर्गिक न्यायाचा भंग ठरू शकतो, आणि प्राथमिक मुद्द्यावर तोच आपला आधार होतो. नोंद मिळाली नाही तर चौकशीच्या कामकाजात तसा आक्षेप लिहून घ्यायला लावावा, आणि निरीक्षकाच्या उलटतपासणीत तपासणीची वेळ व शेवटच्या तिकिटाची वेळ हे दोन्ही प्रश्न विचारावेत. उलटतपासणी नाकारली गेली तर तेही त्याच कागदावर, त्याच दिवशी, सहीनिशी नोंदवून घ्यावे. पोच घेतलेला तो अर्ज मात्र घरी जपून ठेवावा. आगारातील फाइलमध्ये तो वर्षानुवर्षे तसाच राहील, असे गृहीत धरू नये.