मदत हवी आहे: मणके ३३ की २६? हाडांचा हिशेब जुळेना

हाडवैरी:
मंडळी, बीएएमएसचं (आयुर्वेदाच्या पदवीचं) पहिलं वर्ष. सोमवारी रचना शारीरची (शरीररचनेची) तोंडी आहे आणि मी मोजदादीतच अडकले आहे. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे माकडहाड लगेच कळतं, 'कॉक्सिक्स' म्हटलं की क्षणभर गाडी थांबते.

चेहऱ्याची हाडं १४, हे पाठ आहे. वरचा जबडा, गाल, नाकाचा दांडा, टाळू, अश्रूपिशवीजवळचं आणि नाकाच्या आतलं खालचं वळलेलं हाड, या सहा जोड्या. खालचा जबडा आणि नाकाच्या पडद्यातलं व्होमर एकेकटे. पण एथमॉइड, म्हणजे दोन डोळ्यांच्या मधलं हाड, तेसुद्धा नाकातच आहे ना? डोळ्याच्या खोबणीतही डोकावतं. मग ते चेहऱ्यात का धरत नाहीत?

कण्याचं त्याहून वाईट. एका वहीत ३३, दुसरीत २६. वर संहितेच्या तासाला चरकांची ३६० हाडं आणि सुश्रुतांची ३००!

आणि सुटा मणका हातात दिला तर ओळखायचा कसा? "मोठा तो कमरेचा" म्हणाले, तर सर नुसते हसले.

गुडघेदुखी:
३३ पण बरोबर, २६ पण. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५, हे २४ सुटेच राहतात. खालचे ५ जुळून त्रिकास्थी होते आणि शेवटचे साधारण ४ जुळून माकडहाड. म्हणून मोठ्या माणसात २६. आता कवटी ८, चेहरा १४, कानातली ६, गळ्यातलं हायॉइड १, कणा २६, बरगड्या २४, छातीचं १. झाली ८०. हातापायांची, खांदा-कंबर धरून, १२६. घे, मोठ्या माणसाची एकूण २०६.

एथमॉइडच्या चाळणीवर मेंदू टेकलेला असतो, वासाचे मज्जातंतू तिच्यातूनच खाली उतरतात. मेंदूच्या पेटीचा भाग, म्हणून कवटीत.

मणका हातात आला की आकार बघूच नकोस, आधी बाजूचे फाटे बघ. फाट्यात छिद्र असेल तर मानेचा. छिद्र नाही, पण अंगावर बरगडी टेकायची गुळगुळीत जागा आहे, तर पाठीचा. दोन्ही नाही तर कमरेचा. नुसती कडी असेल तर अ‍ॅटलास, म्हणजे मानेचा पहिला; वर दात निघालेला असेल तर अ‍ॅक्सिस, म्हणजे दुसरा. गंमत म्हणजे तो दात मुळात अ‍ॅटलासचंच अंग, खालच्याला जाऊन चिकटलेलं. 'हो' म्हणताना कवटी अ‍ॅटलासवर डुलते, 'नाही' म्हणताना अ‍ॅटलास त्या दाताभोवती फिरतो. हे सांगितलंस की परीक्षक खूश.

काढ्याची वाटी:
चरक दात ३२, दातांच्या खोबण्या ३२ आणि नखं २० हाडांतच मोजतात, तिथेच ८४ वाढली. सुश्रुत दातांना 'रुचक' म्हणतात, आणि नाक-कानाची मऊ कूर्चा त्यांच्याकडे 'तरुण' अस्थी. बेरीज चुकलेली नाही गं, हाड कशाला म्हणायचं तेच वेगळं आहे. कपाल (चपटी), रुचक, तरुण, वलय (वळलेली), नलक (नळीसारखी लांब) हे सुश्रुतांचे पाचही प्रकार उदाहरणासकट कर. आम्हाला हमखास विचारायचे.

हाडवैरी:
खूप आभार! आत्ता बाबांची मान वाकवून सातव्या मणक्याचा उंचवटा शोधला, ते पेपर वाचत होते, वैतागले. एकच शंका राहिली: आमच्या ट्रेमधल्या एका मणक्याला छिद्र एकाच बाजूला आहे. हा कुठला?

गुडघेदुखी:
मानेचाच. दुसऱ्या बाजूची कड खरबरीत लागते का बघ. बहुतेक तुटली असेल, किती बॅचेसनी तो ट्रे पाडलाय कोण जाणे.