कमला दासांच्या कविता समग्र कशाला वाचायच्या, अन् इंग्रजीत लिहिल्या म्हणून त्या परक्या का?

धंतोलीची वाचक
शनिवारी आमच्या वाचनगटात केरळच्या, इंग्रजीत लिहिणाऱ्या कवयित्री कमला दास यांच्या समग्र कविता घेतल्या होत्या. आम्ही आठ-नऊ जण, कूलरसमोर. अर्ध्या तासात दोन वाक्यं आली अन् तेव्हापासून ती डोक्यातून जाऊनच नाही राहिली. एक जण म्हणाले, इंग्रजीतली कविता म्हणजे भाड्याच्या घरातला संसार. दुसऱ्या म्हणाल्या, समग्र कशाला, दहा कविता घ्या, बाकीच्या कपाटात राहू द्या.

मला दोन्ही पटलं नाही. पहिल्याचं उत्तर बाईंनी १९६५ च्या पहिल्याच संग्रहात देऊन ठेवलंय. स्वतःची ओळख सांगणारी कविता आहे त्यात. लोक तिला सांगतात, इंग्रजीत लिहू नको, ती तुझी मायबोली नाही. सांगणारे कोण? समीक्षक, मित्र, आणि घरी पाहुणे आलेले चुलत-मावस भाऊ! हे भाऊ वाचले की मला आमच्याकडची दिवाळी दिसते, फराळाची ताटली मांडीवर घेऊन मुलीनं काय शिकावं ते सांगणारे. ती म्हणते मी तीन भाषा बोलते, दोनात लिहिते, स्वप्न एकीत पाहते, अन् माझी इंग्रजी अर्धी इंग्रजी अर्धी भारतीय आहे पण माझी आहे, कावळ्याला काव काव असते तशी.

आणि आजीच्या घराची कविता. आजी गेली, घर गप्प झालं, पुस्तकांतून साप फिरू लागले. तिला वाटतं परत जावं, खिडक्यांच्या आंधळ्या डोळ्यांतून आत पाहावं, अन् तिथला कवळभर, दोन्ही हातांच्या मिठीत मावेल एवढा, अंधार उचलून आणावा, तो इथं बेडरूमच्या दाराआड कुत्र्यासारखा पडून राहील. माझ्या आजीचं उमरेडचं घर सहा वर्षं बंद होतं, मी गेल्या मे महिन्यात खिडकीच्या गजाला नाक लावून आत पाहिलं तेव्हा कोनाड्यात तिची रॉकेलची चिमणी तशीच होती. ही कविता मला परकी कशी वाटणार?

बर्डीवाला
ताई, आजीचं घर सगळ्यांनाच असतं, त्यावर वाद नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. बाईंच्या आई बालामणी अम्मा मल्याळममधल्या मोठ्या कवयित्री, म्हणजे भाषा घरातच होती. कथा लिहायच्या तेव्हा त्या माधवीकुट्टी नावानं मल्याळममध्येच गेल्या, अन् केरळच्या घराघरात वाचल्या गेल्या. कविता मात्र इंग्रजीत, म्हणून ती कॉलेजात जाऊन बसली. माझी आई सातवी शिकलेली, बहिणाबाई तिला तोंडपाठ आहेत, पोळ्या लाटता लाटता म्हणते. कमला दास तिच्यापर्यंत कधी पोचल्या? परक्या म्हणजे मी हेच म्हणून राहिलो, वाईट नाही म्हणत.

काटोलचा बागायतदार
मी काही इंग्रजी शिकलेला माणूस नाही, पोरगी बीएले आहे. तिच्या पुस्तकात या बाईंची कोलकात्याच्या उन्हाळ्याची कविता होती, तिनं मोठ्यानं वाचली अन् मले अर्थ सांगितला. म्हणे हे पेय म्हणजे दुसरं काय, एप्रिलचं ऊनच, संत्र्यासारखं ग्लासात पिळलेलं. मी म्हटलं पुन्हा वाच. आमचा मृग बहार, म्हणजे पावसाळ्यात फुलणारं संत्र्याचं पीक, एप्रिलपर्यंत संपत येते, तवाचं संत्रं झाडावर उन्हानं तापलेलं असते, तोडून हातात घेतलं तर आंगासारखं गरम लागते. ते ज्याले माहीत आहे त्याले ही ओळ कोणत्या भाषेत आहे हे विचारावं लागत नाही. बर्डीवाले भाऊ, मले पोचली ना.

बर्डीवाला
काका, तुम्हाला पोरीनं मराठीत सांगितली तेव्हा पोचली.

खडू-डस्टर
मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, या कविता कितीतरी वर्गांना शिकवल्या, म्हणून लिहिते. भाषेच्या बाबतीत धंतोलीच्या ताई बरोबर आहेत. अरुण कोलटकरांचा 'जेजुरी' हा इंग्रजी कवितासंग्रह आपण छातीठोकपणे आपला म्हणतो, ते मराठीतही लिहायचे म्हणून. मग या मल्याळममध्येही लिहायच्याच की. १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार यांच्या संग्रहित कवितांना इंग्रजीसाठी मिळाला, त्याआधी इंग्रजीसाठी तो कुठल्या कवयित्रीला मिळाला नव्हता.

पण समग्र वाचा म्हणणं मला मान्य नाही. ऊन, कातडी, समुद्र, एकटेपण, तेच शब्द विसाव्यांदा आले की त्यांची धार जाते. सगळ्यात चांगलं काम १९६५, १९६७ आणि १९७३ च्या तीन संग्रहांत आहे. दुसरं म्हणजे आत्मचरित्र इतकं गाजलं की लोक समग्र कविता डायरीसारख्या वाचतात, हा नवरा, हा प्रियकर, असं शोधत बसतात. माझ्या वर्गात मुलं हेच विचारायची अन् मला फार त्रास व्हायचा, कारण ओळ कशी मोडली आहे हे कोणीच पाहायचं नाही. पंचवीस कविता नीट निवडा आणि त्या नीट वाचा.

धंतोलीची वाचक
मॅडम, तुमचा त्रास समजतो, पण निवड केली की काय होतं बघा. आजीची कविता शाळेच्या पुस्तकात जाते, कारण ती सोज्वळ वाटते, अन् प्रेमाच्या, देहाच्या कविता दुसरीकडे जातात. पण त्या आजीच्या कवितेचा शेवट काय आहे? मी वाट चुकले, आता अनोळखी दारांवर प्रेम मागत फिरते, निदान चिल्लर तरी मिळावी म्हणून. चिल्लर! हा शब्द बाकीच्या कविता वाचल्याशिवाय कळतच नाही. त्या पुरुषांबद्दलच्या सगळ्या कवितांत तिला जे मिळतं ती ही चिल्लर, अन् नोट फक्त आजीकडे होती. वेगळी काढली तर ती नुसती आठवणींची गोड कविता होते. तेच शब्द परत येतात हे खरं आहे, काही कविता सैल आहेत हेही खरं, पण जात्यावरच्या ओवीतही तेच माहेर परत परत येतं, तिथं आपण कंटाळतो का?

खडू-डस्टर
ओवीत दळण चालू असतं, पुस्तकात नसतं, म्हणून ती तुलना मी नाही घेणार. चिल्लरचा मुद्दा मात्र घेते. मी ती कविता शिकवताना शेवटची ओळ घाईत आटपायची, तासाची घंटा व्हायची तेवढ्यात.

बर्डीवाला
काल रात्री आईला वाचून दाखवलं, ताईंनी लिहिलं तसंच मराठीत, कवळभर अंधारापासून चिल्लरपर्यंत. माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, कवळ हा शब्द आला तेव्हाच ती मान वर करून ऐकायला लागली, इंग्रजीत ते झालं नसतं. पण नंतर भांडी आवरता आवरता तिनं विचारलं, "ते घर मग कोणी विकलं काय रे?" मला माहीत नव्हतं. ताई, आजीच्या अजून ज्या कविता असतील त्या मराठीत करून टाका इथं, ती विचारून राहिली.