मदत हवी आहे : मूत्राशयाचा कर्करोग, पी५३ आणि पुढच्या चाचण्या

नमस्कार. माझे सासरे, वय ६८, कोथरूडला आमच्याकडेच असतात. लघवीतून रक्त जात होते, दुखत मात्र काहीच नव्हते, त्यामुळे दोन महिने त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. मागच्या महिन्यात दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली. बायोप्सीत टी१, हाय ग्रेड असे आले, म्हणजे पेशी आक्रमक स्वरूपाच्या आहेत आणि गाठ अस्तराखालच्या थरात शिरली आहे, पण स्नायूपर्यंत गेलेली दिसत नाही. मात्र नमुन्यात स्नायूचा तुकडा आलेलाच नाही, हे अहवालाच्या अगदी शेवटच्या ओळीत आहे आणि ती ओळ आम्ही तिसऱ्या वाचनात पाहिली.

सोबत पी५३ साठ टक्के पेशींत आणि केआय-६७ पस्तीस टक्के असेही लिहिले आहे. मी जे वाचले त्यावरून असे समजते, की निरोगी पेशीत पी५३ हे प्रथिन तयार होताच मोडले जाते, म्हणून नमुन्याची स्लाइड रंगवून पाहिली तरी ते फारसे दिसत नाही. त्याच्या जनुकात बिघाड झाला की बदललेले प्रथिन साचते आणि केंद्रक गडद रंगते. काही बिघाडांत तर ते अजिबातच तयार होत नाही, तेव्हा कोरी स्लाइडही निर्दोष ठरत नाही. केआय-६७ विभाजनाच्या चक्रात शिरलेल्या पेशी दाखवते.

आता आमचे एक नातेवाईक, जे प्रयोगशाळेत काम करतात, त्याच ब्लॉकवर (म्हणजे मेणात जपलेल्या बायोप्सीच्या तुकड्यावर) पी२१, पी२७, आरबी आणि सायक्लिन ई या पेशींच्या विभाजनावर नियंत्रण ठेवणाऱ्या प्रथिनांच्या चाचण्या करून घ्या म्हणतात. त्यांचे म्हणणे असे, की यांपैकी जितकी अधिक प्रथिने बिघडलेली, तितका आजार परतण्याचा आणि वाढण्याचा धोका अधिक. डॉक्टर मात्र म्हणतात, की या चाचण्यांवरून उपचार ठरत नाहीत. ते ठरतात गाठींची संख्या, आकार, ग्रेड, खोली आणि सोबत सीआयएस (अस्तरातच पसरलेला सपाट, हाय ग्रेड कर्करोग) आहे का यावरून. त्यांनी पुन्हा एकदा खरवडून स्नायूसह नमुना घ्यायचा आणि मग मूत्राशयात बीसीजी (क्षयाच्या लसीतले दुबळे केलेले जंतू, जे तिथली प्रतिकारशक्ती जागवतात) सोडायचे, आधी आठवड्याला एक असे सहा डोस, असे सुचवले आहे. मला डॉक्टरांचे पटते, कारण स्नायूच तपासला गेला नसताना प्रथिने मोजत बसणे म्हणजे उंबरठा सोडून माळा झाडण्यासारखे वाटते. तरीही घरात एकमत नाही आणि खर्चाचाही प्रश्न आहे.

पॅथॉलॉजी किंवा युरॉलॉजीतील जाणकारांनी, तसेच या अनुभवातून गेलेल्यांनी कृपया सांगावे : या चाचण्यांमुळे बीसीजी द्यावे की मूत्राशयच काढावे, हा निर्णय प्रत्यक्षात कोणाचा बदलला आहे का? पी५३ किती टक्क्यांपासून जास्त धरायचे, याची मर्यादा वेगवेगळ्या अभ्यासांत वेगळी दिसते. मग साठ या आकड्याला किती वजन द्यावे? आणि चाचण्या करायच्याच झाल्या तर जुना ब्लॉक वापरावा, की दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या नमुन्याची वाट पाहावी? शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या गुरुवारची आहे.