झिप उघडली तर आतलं फोल्डर रिकामं

माळ्यावरचीडिस्क: पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालो, तेव्हा सूतगिरणीच्या हिशोबाचा माझा प्रोग्रॅम गिटच्या (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) आर्काइव्ह कमांडने झिप करून पेनड्राइव्हवर ठेवला. तारखेची चिकटपट्टीसुद्धा लावली. प्रोग्रॅमच्या आत 'छपाई' नावाचं फोल्डर होतं, ते स्वतःच एक वेगळी रेपो (गिट ज्याचा इतिहास ठेवतं ते फोल्डर). काल झिप उघडली: 'छपाई' आहे, पण आत एकही फाइल नाही. तेव्हा एरर सोडा, साधी वॉर्निंगही आली नव्हती. जुनी हार्ड डिस्क माळ्यावर सापडली म्हणून वाचलो. तिच्यात असे 14 प्रोजेक्ट आहेत. या वेळी सरळ फोल्डरच कॉपी करू का?

रात्रपाळी: काका, बाहेरच्या रेपोकडे आतल्या रेपोच्या फायली नसतातच. तिच्याकडे फक्त एका कमिटचा (नोंदवलेल्या आवृत्तीचा) हॅश, म्हणजे ओळखक्रमांक असतो. गिट एलएस-फाइल्स -एस चालवून बघा, 'छपाई'पुढे मोड 160000 दिसेल, ती आतल्या रेपोची खूण. गिट आर्काइव्ह तिथे नुसतं रिकामं फोल्डर ठेवून पुढे जातं. गिटहबवरून (कोड ठेवायची साइट) उतरवलेल्या झिपमध्येही सबमॉड्यूल, म्हणजे रीतसर जोडलेल्या आतल्या रेपो, येत नाहीत.

कॉपी चालेल, पण सगळ्यात बाहेरचं फोल्डर अख्खं घ्या, इतिहास ठेवणाऱ्या लपलेल्या .गिटसकट. आतलं एकटं उचलू नका. सबमॉड्यूल असेल तर त्याच्यातलं .गिट हे बहुतेकदा फोल्डर नसून एका ओळीची फाइल असते. खरा इतिहास बाहेरच्या .गिट/मॉड्यूल्समध्ये असतो. मी स्वतः एकदा असा पोकळ वासा पेनड्राइव्हवर घेऊन घरी आलोय.

टारबाबा: अख्ख्या फोल्डरचा टार (सगळं एकत्र बांधलेली एक फाइल) आजच करा. कमिट न केलेल्या आणि गिटइग्नोरमधल्या (गिटला वगळायला सांगितलेल्या) फायली त्यातच मिळतील, बंडलमध्ये (रेपोचा इतिहास भरलेली एक फाइल) येणार नाहीत. मग फाइंड कमांडने .गिट नावाचं सगळं शोधा, फोल्डर आणि फाइल दोन्ही. प्रत्येक रेपोचा --ऑल देऊन वेगळा गिट बंडल करा आणि कोणता बंडल कुठल्या फोल्डरचा, ते एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा. नंतर रिकाम्या जागी बंडलमधून क्लोन (नवी प्रत) करून बघा. ते केल्याशिवाय डिस्कवरचं काही पुसू नका.

माळ्यावरचीडिस्क: केलं. 14 प्रोजेक्टमध्ये 23 .गिट निघाले! पण 'छपाई'च्या क्लोनमध्ये बाहेरची रेपो जो कमिट मागते तोच नाही. मूळ डिस्कवर तर आहे.

रात्रपाळी: तो कमिट कुठल्याच ब्रँचवर (कमिटांच्या नाव दिलेल्या साखळीवर) नसणार. बंडल फक्त ब्रँच, टॅग वगैरेंपासून पोचता येणारं उचलतो. मूळ 'छपाई'त त्या हॅशवर टॅग (कायमचं नाव) लावा आणि बंडल पुन्हा करा. बाहेरच्या जुन्या आवृत्त्या हव्या असतील तर त्यांनी धरलेले हॅशही असेच तपासा.

माळ्यावरचीडिस्क: टॅग लावला, आला. 2011 ची पगारपत्रकाची छपाई चालली, फक्त प्रिंटर आता घरात नाही. उरलेल्या 22 बंडलांना उद्या बसतो.