सहकार्य म्हणे! प्रश्न त्यांचे, पायपीट आपली

तिरकस (धागाकर्ता)

परवा इथे 'सामाजिक संशोधनाला सीमा कशाला?' असा लेख आला. शोधत बसायला नको म्हणून सारांश देतो. हवामानबदल, स्थलांतर, म्हाताऱ्यांची वाढती संख्या, खोट्या बातम्या ही 'समकालीन सामाजिक आवाहने' एका देशाच्या आवाक्यातली नाहीत, म्हणून दहा-वीस देशांतल्या संशोधकांनी मिळून प्रकल्प करावेत, आणि जे आपापल्या कोपऱ्यात अभ्यास करत बसतात ते कूपमंडूक. शेवटचा शब्द लेखकाचाच. प्रतिसादात मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

मी असल्या तीन बहुदेशीय प्रकल्पांत राबलोय. एकाचीच गोष्ट सांगतो. बुधवारी दुपारी बेचाळीस पानी प्रश्नावली आली, सोबत एक ओळ: शुक्रवारपर्यंत शेरे कळवा. प्रश्न सतरावा: 'गेल्या सात दिवसांत तुम्ही मोबदल्याचं काम किती तास केलंत?' आमच्यासमोर बसलेली माणसं हंगामात राबणारी आणि एरवी कामाची वाट बघणारी. एक जण म्हणाला, "गेल्या सात दिवसांत? शून्य. त्याच्या आधीचे सात विचारा ना साहेब, रात्रीसुद्धा घरी नव्हतो." आम्ही कळवलं की आठवड्याऐवजी वर्षाचा हिशेब विचारू. उत्तर आलं, प्रश्नावली गोठवलेली आहे, बदललं तर तुलना करता येणार नाही. पुढे छापलेल्या निबंधात आमच्या माणसांचे ते शून्य तास 'कामाविषयीची उदासीनता' या मथळ्याखाली गेले.

निबंधाला चौदा लेखक, मी अकरावा. दारोदार फिरलेल्या सहा जणींची नावं कुठेच नाहीत, आभारात फक्त 'स्थानिक चमू'. याला कुणाला सहकार्य म्हणायचं तर म्हणा. मी मुकादमी म्हणतो.

सांख्यिक

तो लेख मलाही भंपक वाटला होता. तुमचं उत्तर त्याच्या पुढचं आहे.

प्रश्नावली गोठवतात म्हणून चिडलात. नाही गोठवली तर काय होतं? प्रत्येक देश आपल्या सोयीने प्रश्न वाकवणार आणि शेवटी वीस देशांचे वीस वेगळे आकडे हातात येणार. जागतिक मूल्य सर्वेक्षण १९८१ पासून चालू आहे, युरोपीय सामाजिक सर्वेक्षण २००२ पासून साधारण दर दोन वर्षांनी होतं. लोकांचा संसदेवरचा विश्वास घटतोय की नुसतीच ओरड आहे, हे आज कुणाला बोलता येत असेल तर तेच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा विचारले म्हणून.

दुसरं. २०१० साली हेनरिक, हाइन आणि नोरेन्झायन यांनी दाखवून दिलं की मानसशास्त्र 'माणूस' म्हणून ज्याचं वर्णन करतं तो बहुतेक वेळा पाश्चात्त्य देशातला कॉलेजचा विद्यार्थी असतो. त्यांनी उद्धृत केलेला आकडा असा: आघाडीच्या नियतकालिकांतले ९६ टक्के सहभागी अशा देशांतले, जिथे जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. तेव्हा सगळे ओरडले की आम्हाला कुणी विचारत नाही. आता विचारायला आले तर 'का आलात'. एक काय ते ठरवा.

शब्दवेल्हाळ

मूळ मुद्द्यावर नंतर येतो. आधी त्या लेखकाला कुणीतरी सांगा की 'आवाहन' म्हणजे साद घालणं, आणि जे पेलायचं असतं ते 'आव्हान'. सामाजिक आवाहने म्हणजे काय, समाजाला हाका मारताय? आणि 'डेटा' लिहिण्याआधी 'विदा' हा शब्द आठवून बघा.

सांख्यिक

मी डेटा लिहिलंच नव्हतं. आता मुद्दाम लिहितो. डेटा, डेटा, डेटा.

जुनेखोड

तिरकसराव, तुमचं दुखणं जुनंच आहे हो. १९६४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या पैशावर 'प्रोजेक्ट कॅमलॉट' निघाला. विकसनशील देशांत बंडं का होतात आणि ती कशी रोखायची, याचा अभ्यास. दिसायला समाजशास्त्र, सगळं कसं विद्वत्तापूर्ण. चिलीत बातमी फुटली, योहान गाल्टुंग या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञांनी सहभागी व्हायला नकार दिला, एवढा गदारोळ झाला की जुलै १९६५ मध्ये प्रकल्पच गुंडाळावा लागला. तेव्हापासून माझा एक नियम आहे: सहकार्याचं पत्र आलं की आधी पैसा कुठून येतोय ते बघायचं, मग विषय.

सांख्यिक

साठ वर्षांपूर्वीची गोष्ट काढलीत काका. त्या हिशेबाने लोकांनी डॉक्टरकडेही जाऊ नये.

जुनेखोड

साठ वर्षांपूर्वीची नको? मग ताजी घ्या. ब्रिटनने २०२१ मध्ये परदेशी मदतीला कात्री लावली. त्यांच्या संशोधन निधीत १२ कोटी पौंडांचं भगदाड पडलं आणि देशोदेशीचे चालू प्रकल्प अधांतरी लटकले. अमेरिकेच्या पैशावर १९८४ पासून चाललेला लोकसंख्या व आरोग्य पाहण्यांचा कार्यक्रम, नव्वदहून जास्त देशांतला, २०२५ च्या फेब्रुवारीत एका फटक्यात थांबवला. कितीतरी देशांत बालमृत्यूचा भरवशाचा आकडा तिथूनच यायचा. भागीदारांना कुणी विचारलं? याला काय म्हणाल, डॉक्टरने ऑपरेशन अर्ध्यावर सोडलं?

सांख्यिक

हे दुर्दैवी आहे, मान्य. पण यातून निघतं काय? तो कार्यक्रम इतका मोलाचा होता की बंद पडल्यावर तुम्हालाही हळहळ वाटली. तोही बहुदेशीय सहकार्यच होता. माझीच बाजू मांडल्याबद्दल आभार.

अनुवादिका

एरवी मी नुसती वाचते, पण 'तेच प्रश्न त्याच शब्दांत' हे वाचून राहवलं नाही. कुठले तेच शब्द? ते शब्द मी आणि माझ्यासारख्या बायका रात्री जागून बनवतो. मी नऊ वर्षं सर्वेक्षणांची भाषांतरं करतेय.

साधं उदाहरण. पाच पर्याय असतात, त्यातला दुसरा 'काहीसे सहमत'. आयुष्यात कुणाच्या तोंडून हा शब्द ऐकलाय? माणसं म्हणतात, "तसं बघायला गेलं तर हो." म्हणतात, "बरोबर आहे म्हणा." या 'म्हणा'त निम्मा नकार असतो. पाहणी करणारी मुलगी विचारते, "म्हणजे काहीसे सहमत ना?" समोरचा म्हणतो, "लिहा काय ते." झाला तुमचा डेटा.

वर ती उलट-भाषांतराची परीक्षा. मी मराठी करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यायचं, आणि दोन्ही जुळलं की भाषांतर उत्तम. आता बघा, शब्दाला शब्द ठोकून केलेलं वाक्य परत फिरवलं की हुबेहूब मूळ वाक्य मिळतं. भाषांतर जितकं लाकडी, तितके गुण जास्त. माणसाला कळेल असं मराठी लिहिलं की नापास. माझं एक चांगलं वाक्य असंच परत आलं, शेरा होता 'मूळापासून विचलन'. तो शेरा मी अजून विसरलेले नाही.

शब्दवेल्हाळ

+१००. धाग्यावर पहिल्यांदा कामाचं कुणी बोललं. पण 'मुळापासून' हवं, 'मूळापासून' नव्हे.

अनुवादिका

शेऱ्यात तसंच होतं. मी जसंच्या तसं उतरवलंय. हीच तर शिस्त लावलीय आम्हाला.

सांख्यिक

ताई, तुमचा अनुभव पटतो, पण तुमची माहिती जुनी आहे. युरोपीय सामाजिक सर्वेक्षण उलट-भाषांतरावर विसंबत नाही. तिथे दोन जण स्वतंत्रपणे भाषांतर करतात, मग एकत्र बसून दोन्ही तपासतात, वादावर एक जण निर्णय देतो, लोकांवर चाचणी होते, आणि कुठला शब्द का निवडला त्याची नोंद राहते. कुणीतरी वाईट काम केलं म्हणून पद्धतच टाकाऊ होत नाही.

आणि किस्से म्हणजे पुरावा नव्हे, हे किती वेळा सांगायचं?

अनुवादिका

तिथे दोघांना पैसे मिळतात. मला एकटीला अडीच दिवस मिळतात. माझा किस्सा एवढाच आहे.

फिल्डवरची

मी त्या 'स्थानिक चमू'तली एक. म्हणजे तिरकस सरांच्या नाही, दुसऱ्या प्रकल्पातली. चमू सगळीकडे सारखाच.

मला शून्य ते दहा या मापाबद्दल बोलायचंय. 'सगळं धरून तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात, शून्य ते दहा?' एक आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पास व्हायला किती लागतात?" मी म्हटलं, आजी, परीक्षा नाही ही. "मग पाच लिही. जास्त सांगितलं तर दृष्ट लागेल आणि कमी सांगितलं तर मुलाला वाईट वाटेल." तो पाच आज कुठल्यातरी सरासरीत बसलाय.

त्याच्याही आधी चार पानी संमतिपत्र. नीतिसमितीचा आग्रह, सही हवीच. सही म्हटलं की माणूस दचकतो, कागदावर सही केल्याने ज्यांचं काही ना काही गेलंय ते जास्तच. तोंडी 'हो' चालेल का, असं विचारलं होतं. चालणार नाही, असं कळलं.

सांख्यिक

आजींचा किस्सा गोड आहे. पण माप कुठे फसतं हे संशोधकांना ठाऊक नाही असं कुणी समजू नका. २००४ साली गॅरी किंग आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. 'सरकारच्या कारभारात तुमचं किती चालतं?' असं चीन आणि मेक्सिकोत विचारलं, तर चिनी लोक म्हणाले आमचं जास्त चालतं. मेक्सिकोने नुकताच मतपेटीतून सत्ताबदल केला होता, तरीही. मग दोन्हीकडे काल्पनिक माणसांच्या त्याच छोट्या गोष्टी सांगून विचारलं, या माणसाचं किती चालतं? त्या उत्तरांशी ताडून पाहिलं तर क्रम उलटा झाला. एकाच देशात बसून हा दोष कधी सापडला असता का? म्हणून सहकार्य.

तिरकस

छान. आता माझ्या सतराव्या प्रश्नाला अशी एखादी गोष्ट का जोडली नाही तेही सांगा.

सांख्यिक

मला काय माहीत? तुमच्या प्रकल्पातल्या लोकांना विचारा. तुम्ही अकरावे लेखक होतात ना? नाव मागे घ्यायचं होतं. बढतीच्या वेळी तो निबंध यादीत लावला असेलच.

तिरकस

लावला. घर चालवायचं होतं. तुमच्यासारखं आयतं विदापत्रक उतरवून दुपारी आलेख काढणं आम्हाला जमलं नाही. आयुष्यात एक तरी दार ठोठावलंय का हो?

शब्दवेल्हाळ

'विदापत्रक' हा शब्द आवडला. चालू द्या.

जुनेखोड

वैयक्तिक होऊ नका रे. 'विश्वास' राहिलाच की. 'बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, की लोकांशी जपूनच वागावं लागतं?' हा मूल्य सर्वेक्षणातला प्रसिद्ध प्रश्न. यात 'बहुतेक लोक' म्हणजे कोण? २०११ मध्ये डेल्हाय, न्यूटन आणि वेल्झेल यांनी तपासलं तेव्हा दिसलं की काही समाजांत, विशेषतः चीनसारख्या कन्फ्यूशियन परंपरेतल्या, 'बहुतेक लोक' म्हणताच माणसाच्या डोळ्यापुढे ओळखीचेच येतात. म्हणजे उत्तर 'हो', पण वर्तुळ लहान. किती वर्षं त्या आकड्यांवरून देशांच्या क्रमवाऱ्या लावल्या आणि कुणी विश्वासू, कुणी संशयी असे शिक्के मारले, आठवून बघा.

सांख्यिक

आणि तो दोष कशातून सापडला काका? ५१ देशांच्या आकडेवारीतून.

जुनेखोड

बरोबर आहे म्हणा.

अनुवादिका

याला 'काहीसे सहमत' धरू का? 😄

फिल्डवरची

हसा तुम्ही. माझा मुद्दा राहूनच गेला. दक्षिण आफ्रिकेतल्या 'सान' नावाच्या आदिवासी लोकांनी २०१७ मध्ये स्वतःची आचारसंहिता काढली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी. आमच्याकडे यायचं तर आधी आमच्याशी बोला आणि संशोधनातून काय निघालं ते परत येऊन सांगा, असं त्यात आहे. मी आजवर सातशेच्या वर मुलाखती घेतल्या असतील. निष्कर्ष सांगायला परत गेले ते शून्य वेळा. बजेटमध्ये तो रकानाच नसतो. परदेशी प्रकल्पातही नव्हता आणि, तिरकस सर, रागावू नका, इथल्याच संस्थेच्या प्रकल्पातही नव्हता. त्या संस्थेने तर प्रवासखर्चही बुडवला. परदेशवाल्यांनी निदान तो वेळेवर दिला.

तिरकस

रागावलो नाही. हे मी लिहायला हवं होतं. त्या सहा जणींची नावं आभारात घाला, असं मीही ठासून सांगितलं नव्हतं. एकदा इमेलात विचारलं आणि गप्प बसलो.

सांख्यिक

कबुली आली, तर मीही एक देतो. उपरोध नाही. सतरावा प्रश्न वाईट होता. हंगामी कामाला सात दिवसांची खिडकी लावणं अडाणीपणाच आहे, वर्षाचा पर्यायी प्रश्न जोडायलाच हवा होता. मूळ प्रश्न ठेवून वर स्थानिक प्रश्न जोडता येतो, त्याने तुलनेला काही होत नाही. दारं ठोठावली नाहीत, हेही खरं. पण 'मुकादमी' हा शब्द मी मान्य करणार नाही.

शब्दवेल्हाळ

मूळ लेखकाने लेखातलं 'आवाहने' बदलून 'आव्हाने' केलंय. कूपमंडूक तसाच ठेवलाय.

तिरकस

माझ्याकडून शेवटचं. आजच सकाळी नव्या प्रकल्पाचं बोलावणं आलं. सहा देश, विषय उष्णतेच्या लाटा आणि उघड्यावर काम करणारी माणसं. विषय इतका महत्त्वाचा आहे की नाही म्हणवेना. कळवलंय की येतो, पण प्रश्न लिहायच्या बैठकीला मी आणि फिल्डवरची एक जण असणार, आणि परत जाऊन निष्कर्ष सांगण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये हवा. अजून उत्तर नाही.

सांख्यिक

शुक्रवारपर्यंत येईल.